वाकवलेली पेनी

तिठ्यावर पडलेल्या पैशाला हात लावायचा नाही, हे मला अक्षरओळख होण्याआधीपासून माहीत होतं. आमच्या गावात तीन रस्ते मिळायचे तिथे अधूनमधून कापलेलं लिंबू, हळदकुंकू, भाताचा मुटका आणि त्यावर एखादं नाणं ठेवलेलं असे. कुणाच्या तरी घरातलं दुखणं रोग्याच्या अंगावरून ओवाळून तिथे आणून ठेवलेलं असायचं. त्याला उतारा म्हणायचे. जो कुणी तो उचलेल त्याच्या मागे ते दुखणं लागतं, अशी समजूत होती. नाणं दहा पैशांचं असो की रुपयाचं, आम्ही पोरं त्याला लांबून वळसा घालायचो. पुढे मी इंजिनियर झालो, देवाधर्माशी माझा संबंध आरतीनंतरच्या प्रसादापुरता उरला, पण रस्त्यात पडलेलं नाणं मी बर्मिंगहॅममध्येही कधी उचललं नाही.

असा माणूस साठी उलटल्यावर लोकांच्या शेतांत पुरलेली नाणी हुडकत फिरायला लागला, याची माझ्या बायकोला पहिल्यांदा गंमत वाटली आणि नंतर वाटेनाशी झाली. दोष तिचाच होता. निवृत्त झाल्यावर मी दिवसभर तिच्या पायात घोटाळत होतो, डबे उतरत्या क्रमानं लावत होतो, फोडणीवर मत देत होतो. तेव्हा तिनंच मला माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या गाडीत बसवून दिलं. हा सहकारी अबोल इंग्रज गृहस्थ. गिअरबॉक्सच्या कारखान्यात आम्ही अनेक वर्षं शेजारी काम केलं आणि मुख्यतः हवामानावर बोललो. त्याच्याकडे दोन मेटल डिटेक्टर होते. एक त्यानं माझ्या हातात दिला, डोक्यावर हेडफोन चढवला आणि कापणी झालेल्या गव्हाच्या शेताच्या कडेला मला उभं केलं.

काम सोपं आहे. काठीच्या टोकाला ताटलीएवढं चक्र असतं, ते जमिनीलगत डावीउजवीकडे फिरवत चालायचं. खाली धातू असला की कानात आवाज येतो. मग गुडघे टेकायचे, छोट्या फावड्यानं चौकोनी ढेकूळ कापायचं, खालची माती चाळायची आणि जे निघेल ते बघून झाल्यावर ढेकूळ होतं तसं परत बसवायचं. निघतं ते बहुतेक भंगार असतं. बिअरच्या कॅनची झाकणं, बंदुकीच्या काडतुसांची बुडं, ट्रॅक्टरचे नट. मधूनच एखादं बटण, एखादं बकल, शिशाची गोळी. आणि वर्षातून एकदोनदा असं काही, की माणूस मातीत बसकण मारून बघत राहतो.

माझ्या हाती लागलेली पहिली चांगली वस्तू म्हणजे रोमन काळातली अंगरख्याला लावायची पिन. ब्राँझची, हिरवट, काळपट. मी ती कौतुकानं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली आणि अंघोळीला गेलो. दिवाळी तोंडावर आली होती आणि बायको समई, निरांजनं, तांब्याची भांडी घासत बसली होती. हीसुद्धा जुनी, कळकटलेली दिसली म्हणून तिनं चिंच आणि मीठ लावून लख्ख करून ठेवली. मी बाहेर आलो तेव्हा पिन निरांजनाशेजारी नव्या नवरीसारखी झळकत होती.

आमच्या भागात सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी एक तरुण ऑफिसर आहे. तिनं ती पिन भिंगाखाली बराच वेळ पाहिली आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "हे कशानं केलंत?" मी सांगितलं. तिनं डोळे मिटून घेतले. दीड हजार वर्षांहून जास्त काळ मातीनं चढवलेला तो हिरवा थरच त्या वस्तूचं रक्षण करत होता, आणि आम्ही तो एका सकाळी चिंचेनं काढून टाकला होता. तेव्हापासून माझ्या वस्तू गॅरेजमध्ये, बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात राहतात. बायको त्या डब्याला हात लावत नाही आणि मी समईला लावत नाही.

आता त्या पेनीकडे येतो.

शहराच्या दक्षिणेला पाऊण तासावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं शेत आहे. त्याच्या बांधावरून गावातल्या चर्चचा बुटका मनोरा दिसतो. परवानगी देताना त्यानं दोनच अटी घातल्या होत्या: खड्डे बुजवायचे आणि जे सापडेल त्यात अर्धा वाटा त्याचा. मी त्याला इमानेइतबारे बकलं दाखवायचो आणि तो म्हणायचा, "माझी अर्धी तुम्हीच ठेवा."

त्या दिवशी उन्हाळा संपत आला होता. धसकटं पायाला टोचत होती. चर्चच्या बाजूच्या उतारावर एक बारीक, गोड आवाज आला. वीतभर खाली माशाच्या खवल्याएवढा पातळ चांदीचा तुकडा निघाला, मधोमध दुमडलेला. अंगठ्यानं माती पुसल्यावर एका बाजूला राजाचा अर्धा चेहरा दिसला, कुरळे केस, एक डोळा. उरलेला राजा घडीच्या आत होता. माझा सहकारी वाकून बघत म्हणाला, "नांगरानं वाकली असेल. पक्कड देऊ? हळूच सरळ होईल." मी पक्कड घेतली नाही. चिंचेनं मला तेवढं शहाणपण दिलं होतं.

ऑफिसरनं ती पेनी पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "ही नांगरानं वाकलेली नाही. ही कुणीतरी मुद्दाम वाकवलीय." मग तिनं समजावून सांगितलं. सातशे वर्षांपूर्वी इथे घरात कुणी आजारी पडलं, मूल मरायला टेकलं, की घरचं माणूस एक चांदीची पेनी घ्यायचं, एखाद्या संताचं नाव घेऊन ती आजाऱ्याच्या डोक्यावर धरून वाकवायचं आणि बाजूला ठेवायचं. वाकवलेल्या पैशानं मग दुसरं काही विकत घ्यायचं नाही, तो त्या संताचा झाला. माणूस बरं झालं की ती पेनी त्या संताच्या समाधीपाशी नेऊन वाहायची. ही पेनी तिथवर पोचली नाही. वाटेत पडली असेल, किंवा शेणखताबरोबर शेतात आली असेल, किंवा कुणी मुद्दाम पुरली असेल, सांगता येत नाही. आजारी माणसाचं काय झालं तेही सांगता येत नाही. एकच नाणं, त्यामुळे सरकारजमा होण्याचा प्रश्न नव्हता. नोंद करून तिनं ते मला परत दिलं.

हे सगळं मी संध्याकाळी चहा पिताना बायकोला एक मजेशीर माहिती म्हणून सांगितलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला मला कधी मदत लागत नाही.

तिनं कप खाली ठेवला. "अहो, म्हणजे उतारा आहे तो."

"उतारा कसला? इंग्लंडमध्ये कुठला आलाय उतारा?"

"आजारी माणसाच्या डोक्यावर धरलेला पैसा. मग दुसरं काय म्हणायचं त्याला? आणि तुम्ही तो उचलून घरी आणलात. आत्ता. ह्या दिवसांत."

'ह्या दिवसांत' म्हणजे काय ते मला कळत होतं. आमची एकुलती एक मुलगी तिसऱ्यांदा गरोदर होती. आधीच्या दोन्ही वेळा काही महिन्यांतच सगळं संपलं होतं. दुसऱ्या वेळेनंतर ती बरेच दिवस आमच्याकडे येऊन राहिली, टीव्हीसमोर बसून असायची, टीव्ही बंद असला तरी. ह्या खेपेला दिवस बऱ्यापैकी पुढे सरकले होते. घरात कुणी मोठ्यानं आनंद करत नव्हतं. पाळणा घ्यायचा का, हे कुणी विचारत नव्हतं. अशा घरात मी तो पैसा आणला होता.

मला बायकोच्या समजुतीशी भांडायचं नव्हतं, पण तिला रात्र रात्र जागंही ठेवायचं नव्हतं. म्हणून मी तिच्याच शास्त्रातून मुद्दा काढला. म्हटलं, "हे बघ, उतारा टाकून द्यायचा असतो. हा पैसा टाकायचा नव्हता, राखून ठेवायचा होता. देवाला बोललेला होता. हा नवस आहे. नवसाच्या पैशानं कुणाचं वाईट होत नाही."

मला वाटलं, जिंकलो.

"मग तो फेडला का?" तिनं विचारलं.

"फेडला असता तर शेतात सापडला असता का?"

"मग फेडायला नको?"

"अगं, सातशे वर्षं झाली!"

"म्हणून काय झालं? नवसाला काय टाइम लिमिट असतं?"

मी म्हटलं, कुठल्या संताला बोललाय तेच माहीत नाही, आणि त्या काळच्या संतांच्या समाध्या पुढे एका राजानं फोडून टाकल्यात. ती म्हणाली, "मग चौकशी करा. तुम्हाला नाहीतरी काय काम आहे?"

मी शेतकऱ्याला विचारायला गेलो. मनातून वाटत होतं, तो नाही म्हणेल आणि घोडं तिथेच अडेल. त्यानं फाटकाला टेकून सगळं ऐकून घेतलं. "अर्धी माझी ना?" तो म्हणाला. "मग माझ्या अर्ध्याची परवानगी आहे. तुमच्या अर्ध्याचं तुम्ही आणि मिसेस बघून घ्या."

मी चालढकल केली. म्हटलं, बाळ होऊन जाऊ दे, मग निवांत बघू. बायकोनं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि डबा गॅरेजच्या त्या टोकाला, फ्रीझरपासून लांब ठेवायला लावला.

बाळ फार लवकर आलं. दिवाळीचा फराळ अजून संपायचा होता. जावयाचा फोन आला आणि आम्ही हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत मुलगी झालेलीसुद्धा होती. कोपरापर्यंत हात धुवायला लावून आम्हाला आत सोडलं. काचेच्या पेटीत, नळ्यांच्या जाळ्यात ती पडली होती. रंग लालसर, कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा मोजता आल्या असत्या. पायाच्या घोट्याला पट्टी होती, तिच्यावर आडनाव आणि 'बेबी गर्ल' एवढंच लिहिलं होतं. बारशाआधी आपल्याकडेही नाव नसतं, पण नाव नसणं मला इतकं उघडंवाघडं कधी वाटलं नव्हतं.

आमची मुलगी व्हीलचेअरवर शेजारी होती. ती इथेच जन्मली, वाढली. तिचं मराठी आमच्यापुरतंच आहे. "बाबा, तिचा हात बघितला का?" ती म्हणाली. "माझ्या थंबएवढा आहे. किती छोटा आहे ती."

मी मॉनिटरकडे बघत होतो. आयुष्यभर मी यंत्रांचे आकडे वाचले आहेत आणि आकडा हलला की कुठे काय बिघडलंय ते सांगितलं आहे. इथे आकडे खाली जायचे, घंटा वाजायची, नर्स येऊन तळपायाला हळूच टिचकी मारायची आणि आकडे वर यायचे. म्हणजे मधूनमधून ती श्वास घ्यायला विसरत होती. डॉक्टर म्हणाल्या, पुढचे काही दिवस कठीण आहेत आणि आम्ही कुठलंही वचन देणार नाही. मला त्यांचा सरळपणा आवडला आणि त्याच क्षणी त्यांचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला घरी पाठवलं. मुलीचे कपडे, फोनचा चार्जर, उशी असं आणायला. स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यावर स्टीलचं पातेलं होतं आणि त्यात आमचे सगळे देव बुडवून ठेवलेले. गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण. निघण्याच्या घाईतही बायकोनं ते केलं होतं. देव पाण्यात ठेवणं हे मी आजवर पेपरात निवडणुकीच्या बातम्यांत वाचत आलो होतो. आमच्याच घरात, किचन रोलशेजारी, ते खरोखर पाण्यात होते. पाण्यावर धुळीचा एक कण तरंगत होता.

मी कपडे गोळा केले. चार्जर घेतला. मग गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या बाकावर कारखान्यातून निवृत्तीच्या वेळी मिळालेला, वस्तू घट्ट आवळून धरणारा माझा लोखंडी व्हाइस आहे. खिशातून एक पेनी काढून मी ती व्हाइसच्या जबड्यात अर्धी धरली आणि आवळली.

मला भीती वाटत होती. इतकी भीती मला माझ्या आईवडिलांच्या आजारपणातही वाटली नव्हती. ती मूल जाण्याची होतीच, पण त्याहून जास्त माझ्या मुलीसाठी होती. ती पुन्हा त्या बंद टीव्हीसमोर येऊन बसेल आणि ह्या वेळी उठणार नाही, अशी.

जुनी पेनी बोटांनी वाकत असणार. आताची पेनी म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद. हातोड्याचे घाव घालावे लागले. घाव घालताना लक्षात आलं की कुणाचं तरी नाव घ्यायचं असतं. मला नाव सुचेना. आमचं कुलदैवत मला माहीत आहे, पण इतकी वर्षं ज्याला हाक मारली नाही त्याला आता कामापुरती मारणं मला बरं वाटेना. आणि जिच्यासाठी मारायची तिलाही नाव नव्हतं. शेवटी मी "हिच्यासाठी" एवढंच म्हणालो. गॅरेजमध्ये ऐकायला कुणी नव्हतं. वाकलेली पेनी डब्यात त्या जुन्या पेनीशेजारी ठेवली, हात धुतले आणि गाडी काढली.

नात जगली. ह्यात पेनीचा काहीही संबंध नाही, हे मी स्पष्ट सांगतो. तिथल्या नर्सेसनी तिला जगवलं. एकेक नळी निघत गेली, वजन चमच्या-चमच्यानं वाढत गेलं, आणि हिवाळा सरता सरता ती घरी आली. बायकोनं देव पाण्यातून काढले, पुसले, देव्हाऱ्यात ठेवले. बारसं उशिरा केलं, मुलीच्या घरी. बायकोनं पाळण्याखालून-वरून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' सुरू केलं तेव्हा मुलीच्या इंग्रज शेजारणीसुद्धा पाळण्याची दोरी धरून उभ्या होत्या. आत्यानं कानात नाव सांगितलं. नात झोपून होती.

त्यानंतरच्या पहिल्याच मोकळ्या सकाळी बायको म्हणाली, "आता ती पेनी." आणि स्वतः गॅरेजमध्ये जाऊन तिनं आयुष्यात पहिल्यांदा तो डबा उघडला.

मी विसरलो होतो असं म्हणणं खोटं ठरेल. मी दारात उभा राहिलो.

"ह्या दोन कशा?" तिनं विचारलं.

"एक शेतातली."

"आणि दुसरी?"

"आपल्याच घरातली."

तिनं ती उलटसुलट करून पाहिली. व्हाइसच्या दातांचे ओरखडे उमटले होते. मला वाटलं, आता ही हसेल आणि मरेपर्यंत मला ऐकवेल. ती हसली नाही.

"कधी?"

"ती पेटीत होती तेव्हा."

"कुणाला बोललात?"

"कुणालाच नाही. नाव सुचलं नाही."

"असं कसं? नवस कुणाला तरी बोलावा लागतो." मग ती म्हणाली, "बरं. त्या बाईनं कुणाला बोलला होता, तेही कुठे माहीत आहे?" ती पहिली पेनी कुणा बाईचीच होती, ह्याबद्दल तिला शंका नव्हती. तिनं दोन्ही पेन्या एका नव्या खणाच्या टोकात बांधल्या. "चला. दोन्ही एकदमच फेडू."

शेताच्या पलीकडचं ते बुटक्या मनोऱ्याचं चर्च त्या पेनीच्या आधीपासून तिथे उभं आहे, हे मला शेतकऱ्यानं सांगितलं होतं. तेव्हा तिथेच गेलो. तिथल्या व्हिकर, म्हणजे धर्मगुरू, एक बाई होत्या, स्वेटरच्या बाह्या वर सारून फुलदाण्या धूत होत्या. मी गाडीत एक लांबलचक प्रास्ताविक तयार केलं होतं. बायकोनं ते सुरूच होऊ दिलं नाही. खणाची गाठ सोडून तिनं दोन्ही पेन्या त्यांच्या ओल्या तळहातावर ठेवल्या आणि तिच्या साध्या इंग्रजीत सांगितलं की हे दोन नवस आहेत, एक जुना आहे, एक आमचा आहे, आणि दोन्ही द्यायचे राहिलेत.

व्हिकरनं मला थोडं विचारलं, मी थोडं सांगितलं. त्या म्हणाल्या, दाराशी काचेचं एक छोटं कपाट आहे, गावातल्या जुन्या वस्तूंचं. त्यात ह्या दोन्ही शेजारी शेजारी ठेवता येतील. आणि येत्या रविवारच्या प्रार्थनेत दोघांसाठी दोन शब्द बोलता येतील. त्यांनी हात पुसले, पेन घेतलं. पहिल्या पेनीसाठी काय म्हणायचं, असं विचारलं. बायको म्हणाली, नाव माहीत नाही, पण मूल असणार. त्यांनी तसं लिहून घेतलं.

"आणि दुसऱ्या पेनीसाठी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी नातीचं नाव सांगितलं. त्यांना ते नीट ऐकू आलं नाही. त्यांनी स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगू लागलो, आणि तिसऱ्या अक्षरापाशी अडलो. पुढची अक्षरं बायकोनं सांगितली.